सालईटोल्याच्या विहिरीचा गुप्त अहवाल

सरकारला गुपितं असावीत, याबद्दल माझी काही तक्रार नाही. सैन्य कुठं आहे, तोफा कुठल्या बाजूला तोंड करून उभ्या आहेत, हे सरकारनं जरूर लपवावं. पण रामटेकजवळच्या एका खेड्यातल्या विहिरीला भेगा कशानं पडल्या, हेसुद्धा राज्याचं गुपित आहे, असं सरकारी वकील मधुकररावांनी भर कोर्टात उभं राहून सांगितलं, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या दाव्यात विहिरीच्या बाजूनं होते.

विहीर मनकर्णाबाईंची. गाव सालईटोला. तिथं त्यांचा आणि त्यांचे यजमान रामाजी यांचा पानमळा होता, कपुरी पानाचा. ज्यांनी पानमळा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : वर गवताचं छप्पर, चारी बाजूंनी कूड, आत अर्धवट उजेड आणि रांगेनं चढवलेले वेल. भर मे महिन्यात आत गेलात तरी अंगावर गारवा येतो. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, मग तुम्ही कलेक्टर का असेनात. मनकर्णाबाईंनी मला पहिल्याच भेटीत कुडाबाहेर उभं करून पायांकडे बोट दाखवलं होतं. मी त्यांची वकील होते, पण वेलांपुढं माझी किंमत ती तेवढीच.

या वेलांना पाणी रोज लागतं. दोन दिवस चुकलं की पानं माना टाकतात. आणि ज्या वर्षी एका सरकारी खात्यानं शेजारची टेकडी फोडून कालवा न्यायला घेतला, त्याच वर्षी मनकर्णाबाईंची विहीर गेली. (खात्याचं नाव घेत नाही, त्यातले बरेच लोक पुढं माझे अशील झाले.) सुरुंग उडाला की गावातली भांडी फळीवरून खाली यायची. एका सकाळी सुरुंग उडाला आणि दुपारी मनकर्णाबाईंनी विहिरीत डोकावून पाहिलं, तर पाणी खाली खाली चाललेलं. संध्याकाळपर्यंत तळ दिसला.

त्यांनी तक्रार केली. खात्याचे उपअभियंता महादेवराव पाहणीला आले. हा माणूस अबोल, उंच, कायम खाली पाहून चालणारा. त्यांनी न सांगता चपला काढल्या, दोर धरून विहिरीत उतरले, दगड ठोकून पाहिले, मापं घेतली. वर आल्यावर मनकर्णाबाईंनी त्यांना पान लावून दिलं आणि विचारलं, "कशानं झालं हो सायेब?" महादेवराव म्हणाले, "वर लिहितो, बाई." आणि गेले.

त्यानंतर सुरुंग लहान झाले. भांडी फळीवर राहू लागली. पण विहीर दुरुस्त करून द्या म्हटल्यावर खात्याचं उत्तर आलं : विहीर नैसर्गिक कारणाने आटली आहे, खात्याचा संबंध नाही.

मनकर्णाबाईंनी यातून जो अर्थ काढायचा तो काढला. माणूस विहिरीत उतरला, डोळ्यांनी भेगा पाहून गेला, आपलं पान खाल्लं आणि वर जाऊन खोटं लिहिलं. हे त्यांनी मनात ठेवलं असं नाही. सालईटोल्यात सांगितलं, बाजारच्या दिवशी रामटेकात सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बायांना सांगितलं. महादेवरावांचं काम अजून टेकडीवरच चालू होतं, त्यामुळे त्यांना रोज गावातूनच जावं लागे. ते आले की चहाच्या टपरीवरचं बोलणं बंद पडायचं. बाया तोंड फिरवायच्या. "खोटा सायेब" हे नाव इतकं पक्कं झालं की एकदा त्यांच्याच मुकादमानं तोंडावर तसं म्हटलं आणि मग दिवसभर त्यांच्या समोर आला नाही. महादेवराव कुणाला काही बोलले नाहीत. खाली पाहून येत होते, खाली पाहून जात होते.

मनकर्णाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा अर्धा मळा वाळला होता. उरलेला अर्धा ते दोघं नवराबायको तळ्यावरून कावडीनं पाणी आणून जगवत होते. रामाजींना ते झेपत नव्हतं. त्यांचा मुलगा रुपराव खापरखेड्याला पॉवरहाऊसमध्ये नोकरीला, सरकारी क्वार्टर पक्कं, नळ घरात. रामाजींचं म्हणणं सरळ होतं.

"वकीलबाई, हिले समजवा. उन्हाळा लागला का कावडीनं काही होत नाही. पोरगा बलावून राहिला. जाऊ ना सुखानं!"

"तुमी जा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले त्या डब्यात झोप येत नाही. दोन दिवस राहिली ना मी तिथं. सकाळी उठून कुठं जावं तेच समजून नाही राहिलं. पाणी नळानं, भाजी ठेल्यावर. मी काय करू दिवसभर, भितीकडे पाहू?"

"अन् इहीर नाही झाली त?"

मनकर्णाबाईंनी उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं. होळीच्या आत विहीर झाली तर मळा वाचणार, नाही तर वेल मरणार आणि त्यांना खापरखेड्याच्या क्वार्टरात जावं लागणार. मला त्या क्षणी फार भीती वाटली, हे खरं सांगते. दिवाणी दावे होळीच्या आत संपत नसतात. कुठल्या वर्षाच्या होळीच्या, ते आम्ही वकील अशिलाला सांगत नाही.

दावा लावला. मागणी एकच : खात्यानं विहीर बांधून द्यावी. आणि पुराव्यासाठी मी मागितला तो महादेवरावांचा अहवाल. मनकर्णाबाई म्हणाल्या, "त्या खोट्या कागदाचं काय करता?" मी म्हटलं, खोटा असेल तर उलटतपासणीत फाडता येईल. पण मला वेगळाच संशय होता. खात्याला अनुकूल कागद असता, तर तो न मागताच आमच्या डोक्यावर आदळला असता. तसं बाईंना सांगायला मी धजले नाही. संशय म्हणजे पुरावा नव्हे.

तर मधुकरराव उभे राहिले आणि त्यांनी विशेषाधिकार सांगितला. अहवाल हा राज्यकारभाराशी संबंधित अप्रकाशित कागद आहे, तो उघड झाल्यास लोकहिताला बाधा येईल. सोबत प्रतिज्ञापत्र. मी ते वाचलं. सायक्लोस्टाइल केलेलं, मोकळ्या जागा शाईनं भरलेल्या, सही कुठल्याशा कक्ष अधिकाऱ्याची. मधल्या एका ओळीत "सदर पूल" असं तसंच राहिलं होतं. कुठल्या तरी पुलाचं जुनं गुपित आमच्या विहिरीला लावलं होतं.

जज्जसाहेब बुटके, शांत, आणि सहसा हसत नसत. ते म्हणाले, "मधुकरराव, हा पूल कुठला?"

"टंकनदोष आहे, साहेब."

"ज्यांनी सही केली त्यांनी कागद वाचलाय?"

मधुकररावांनी प्रतिज्ञापत्र उलटसुलट करून पाहिलं. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. जज्जसाहेबांनी ते परत केलं. खात्याच्या प्रमुखानं, म्हणजे सचिवांनी, स्वतः कागद वाचावा आणि उघड केल्यानं नेमकं काय नुकसान होईल ते शपथेवर सांगावं, असा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर मी मधुकररावांवर तोंडसुख घेतलं. ते माझ्याहून वयानं मोठे, स्वभावानं गोड, आणि कपुरी पानाचे असे शौकीन की कोर्टाच्या फाटकावरचा पानवाला त्यांची गाडी दिसली की कात चुना काढून ठेवायचा.

"प्रेमलताताई, माझ्यावर कायले चिडता? वरून जे येते ते मी बोलतो. मी काय लपवून राहिलो का? मी तर तो कागद पाहिलाबी नाही!"

"तुमचं हे पान कुठून येतं, ठाऊक आहे?"

"रामटेकचं."

"सालईटोल्याचं. अर्धं वाळलंय. उरलेलं तुम्ही वाळवताय."

मधुकररावांनी चघळणं थांबवलं. ती बातमी त्यांना खरोखरच लागली. पण वकील ते वकील. पुढच्या तारखेला ते पुन्हा उभे राहिले, या वेळी सचिवांचं नवं प्रतिज्ञापत्र घेऊन. त्यात पूल नव्हता. मी स्वतः अहवाल संपूर्ण वाचला आहे, असं सचिवांनी शपथेवर लिहिलं होतं. असे अहवाल उघड झाले तर अधिकारी मोकळेपणानं लिहिणार नाहीत, म्हणून तो गुप्त राहणं लोकहिताचं आहे.

मी म्हटलं, मला सचिवांची उलटतपासणी घ्यायची आहे.

मधुकरराव हसले. सचिव मुंबईला, मंत्रालयात. एका विहिरीसाठी ते नागपूरला येणार? त्यांनी आवाजात पुरेशी खंत आणून सांगितलं, "साहेब, सध्या शक्यच नाही. सचिवसाहेब अधिवेशनाच्या तयारीत आहेत. फाइली पेट्यांत भरणं चालू आहे. पुढच्या आठवड्यात सगळं खातंच नागपूरला निघून राहिलं..."

आणि ते मध्येच थांबले.

आम्ही नागपूरकर दरवर्षी डिसेंबरात हे पाहतो. मंत्री, सचिव, कारकून, फाइलींच्या पेट्या, सगळं सरकार हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून उठून आमच्याकडे येतं. सिव्हिल लाइन्समध्ये लाल दिव्यांच्या गाड्या दिसायला लागतात, तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर मफलर गुंडाळलेले मुंबईकर डोळ्यांतलं पाणी पुसत उभे असतात. तारीख पुढं ढकलण्यासाठी मधुकररावांना याहून वाईट सबब शोधूनही सापडली नसती.

"नागपूरला येताहेत?" जज्जसाहेब म्हणाले. "मग विधानभवनापासून हे कोर्ट काही लांब नाही. सोबत कागद आणा. आणि ज्यांनी तो लिहिला त्यांनाही आणा, ओळख पटवायला."

सचिव आले. मला वाटलं होतं एखादा चढेल साहेब येईल आणि मला त्याच्यावर तुटून पडता येईल. आले ते एक किरकोळ गृहस्थ, स्वेटरवर स्वेटर घातलेले, थंडीनं नाक लाल झालेलं. त्यांनी शपथ घेतली ती इतकी मनापासून की मला जरा संकोच वाटला. त्यांच्यामागं भिंतीशी महादेवराव उभे होते, छातीशी बंद लखोटा धरून. मनकर्णाबाई आणि रामाजी पहिल्या बाकावर. महादेवरावांना पाहताच मनकर्णाबाईंनी पदर ओढून घेतला आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आला पाहा, खोटा."

मी प्रश्न सुरू केले. कागदात काय आहे ते विचारायची मला बंदी होती. त्याच्या भोवतीनं फिरायला नव्हती.

"कागद आपण वाचलाय?"

"हो. पूर्ण."

"तो उघड झाला तर देशाच्या संरक्षणाला धोका आहे?"

"नाही, नाही."

"गावात दंगल होईल?"

"तसं काही नाही."

"मग लपवून कुणाचं भलं होणार?"

"तो लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचं," सचिव म्हणाले, आणि हे त्यांना खरंच पटलेलं दिसत होतं. "माणसाला निर्भयपणे लिहिता आलं पाहिजे, बाई. आपलं लिहिलेलं उद्या चव्हाट्यावर येणार अशी धास्ती असेल तर कुणी खरं लिहिणार नाही."

पुढचा प्रश्न मी रात्रभर घोकला होता आणि त्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, हे मला शिकवलेलं होतं. मी विचारला.

"समजा, या अधिकाऱ्यानं लिहिलं असतं की विहीर आपोआप आटली, खात्याचा दोष नाही. तर आपण हा कागद लपवला असता?"

मधुकरराव उठले. "हरकत आहे!"

"बसा," जज्जसाहेब म्हणाले.

सचिवांनी चष्मा काढला. स्वेटरच्या टोकानं पुसला. पुन्हा घातला. त्यांना खोटं बोलता आलं असतं. मी काय करणार होते? पण ते हळूच म्हणाले, "नाही. तर मी तो पहिल्याच तारखेला आणून दिला असता."

मागच्या बाकांवरचे वकील फस्सकन हसले. मधुकररावांनी कपाळावर हात मारला, पण खरं सांगायचं तर त्यांच्याही मिशा हलत होत्या. हसले नाहीत ते फक्त जज्जसाहेब. ते उत्तर लिहून घेत होते.

लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे लोकहिताला बाधा येते म्हणून नव्हे, दावा हराल म्हणून लपवताय?"

"मी त्याकडे असं पाहिलं नव्हतं," सचिव म्हणाले. "पण आता दिसतंय ते तसंच, साहेब. मी हक्क मागं घेतो. महादेवराव, द्या तो."

लखोटा फुटला. कोर्टाच्या पेशकारानं अहवाल मोठ्यानं वाचला. सरकारी भाषा, पण आडपडदा कुठं नाही. तपासणी पादत्राणे काढून करण्यात आली. विहिरीच्या उत्तर बाजूच्या भेगा ताज्या असून त्या खात्याच्या सुरुंगांमुळेच पडल्या आहेत. दारूचे प्रमाण ताबडतोब कमी करावे. पानमळा हेच या कुटुंबाचे सर्वस्व असल्याने विहीर खात्याने विनाविलंब बांधून द्यावी. खाली महादेवरावांची सही, आणि पाहणी केली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख.

मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. मी मनकर्णाबाईंकडे पाहिलं, तर त्यांचं तोंड पांढरं पडलेलं.

"हे यानं लिवलं?" त्यांनी मला विचारलं. मग सरळ उभ्या राहिल्या आणि कोर्टाची पर्वा न करता महादेवरावांना म्हणाल्या, "तू लिवलं होतं हे? तवाच?"

"हो, बाई."

"मंग सांगतलं काहून नाही गा? मी गावभर तुले खोटा म्हणून राहिली, अन् तू खाली मुंडी घालून जाऊन राहिला!"

"सांगता येत नव्हतं. कागद गुप्त होता."

जज्जसाहेबांनी बाईंना खाली बसायला सांगायला हवं होतं. ते सचिवांकडे पाहत राहिले. ज्या अधिकाऱ्याला वाचवायला म्हणून कागद कुलपात ठेवला होता, त्याच्या कपाळी खोटेपणाचा शिक्का त्या कुलपानंच मारला होता. सचिवांना ते कळलं असावं. त्यांचं लाल नाक आणखी लाल झालं. त्यांनी तिथल्या तिथं मधुकररावांच्या कानाशी लागून काही सांगितलं, आणि मधुकरराव उठून म्हणाले की खातं विहीर बांधून द्यायला तयार आहे, होळीच्या आत. तसा तडजोडीचा हुकूम झाला.

"आणखी काही म्हणणं?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "काम यानंच करावं. दुसरा कोणी नको. अन् हा कागद गावात वाचून दाखवा. मी एकेकाच्या घरी जाऊन सांगत बसली त होळी येऊन जाईल."

असा हुकूम कोर्टाला देता येत नाही, असं जज्जसाहेब म्हणाले. पण कागद आता उघडा आहे, नक्कल घ्या आणि हवी तिथं वाचा. आणि मग ते हसले. मी त्यांना त्यापूर्वी हसताना पाहिलं नव्हतं.

जानेवारीत काम सुरू झालं त्या दिवशी मी सालईटोल्याला गेले. महादेवराव माणसं घेऊन आले होते. सारा गाव मारुतीच्या पारापाशी जमला होता, टपरीवाला टपरी सोडून आला होता, तोंड फिरवणाऱ्या बाया पुढं बसल्या होत्या. मनकर्णाबाईंनी मला पारावर चढवलं. मी अहवाल वाचला. कोर्टात पेशकारानं वाचला होता त्याहून चांगला वाचला. मला राहवलं नाही. महादेवराव एका बाजूला उभे होते, नजर जमिनीवर. आपल्या गुप्त अहवालातलं एकेक वाक्य भर चौकात ऐकताना त्यांचे कान तापत चालले होते. "सर्वस्व" या शब्दाला तर ते तिथून पळून जातात की काय असं वाटलं.

वाचून झालं. मग मनकर्णाबाई उठल्या, महादेवरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"मी चुकली गा," त्या म्हणाल्या. "समद्यायच्या समोर सांगतो, मी चुकली. तू खरा होता."

महादेवरावांनी पहिल्यांदाच मान वर केली. काहीतरी बोलायला त्यांनी ओठ उघडले, पण त्याआधीच मागून रामाजी ओरडले.

"अरे, लगन झाल्यापासून मले कधी 'मी चुकली' नाही म्हणली हे!"

सारा पार हसला. बाया हसल्या, मजूर हसले, महादेवरावही हसले, मोठ्यानं, मान वर ठेवून. मनकर्णाबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुमी खापरखेड्याले जाणार होते ना? मंग तुमाले कायले म्हणू?" रामाजींनी डोक्याचा गमछा सोडला, कमरेला बांधला आणि कुणी सांगायच्या आत विहिरीचा दोर हातात घेतला.